अकराशे सत्तेचाळीस नंबरची काच

(अलेप्पो, १९९६. नर्सेस या म्हाताऱ्या फोटोग्राफरचा स्टुडिओ. भर दुपारी दार आतून लावलेलं.)

सिरवार्त : आधी मला विचारायचं होतंत, नर्सेस. कुणीही उठावं, आमच्या आईचा फोटो पुढ्यात टाकावा आणि तुम्ही त्याला खुर्ची देऊन कॉफी पाजावी?

नर्सेस : तुमचीही ठेवलीय, सिरवार्तबाई. बसा तर खरं. आणि हा कुणीही नाही. खलफ नाव, रक्क्याहून आलाय. फोटोच्या पाठीवर माझ्या वडिलांचा शिक्का आणि आकडा, अकराशे सत्तेचाळीस. जुन्या वहीत पाहिलं तर नाव निघालं आघावनी, साल सव्वीस. आता आघावनीच्या लेकीला नाही बोलवायचं तर कुणाला?

सिरवार्त : हा फोटो आमच्या भिंतीवर आहे, मी जन्मल्यापासून. लग्नासाठी काढलेला. वडील तेव्हा दमास्कसला बूट शिवायचे, त्यांनी तो बघून होकार कळवला. याच्याकडे कसा गेला?

खलफ : मावशी, एक प्रत आमच्याकडंबी आली हुती.

सिरवार्त : मावशी म्हणू नकोस. तुझं माझं काही नातं नाही.

खलफ : बरं, ऱ्हायलं. लोकरीच्या व्यापाऱ्यानं आणून दिली. संगं पोराचा एक निळा सदरा. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. माझा बाप तवा सात वर्सांचा. त्याची आई त्याला सोडून जाऊन दोन वर्सं झालेली.

सिरवार्त : माझ्या आईला लग्नाआधी मूल नव्हतं.

खलफ : पंधरा साली सुलतानाच्या शिपायांनी तुमच्या ख्रिस्ती लोकांना घरं सोडायला लावून वाळवंटात हाकललं, तवा ती आमच्या मेंढपाळ टोळीत आली. बारा वर्सांची पोर. पुढं माझ्या आज्यानं तिला बायको केली. शम्सा म्हणायचे तिला. मग तुमच्यातली माणसं पोरी सोडवून न्यायला आली. टोळीनं सांगितलं, तू जायचं तर जा, पोरगं आमचं हाय, त्ये हितंच ऱ्हाईल.

सिरवार्त : छान रचलीस. आता काय हवंय ते सांग. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही, म्हणजे घरात हिस्सा मागायला मैदान मोकळं. दोन खोल्या आहेत, आधीच सांगते. एक गळते.

खलफ : तुमची खोली तुम्हाला लखलाभ. बाप अंथरुणाला खिळलाय. आठ दिवस झाले, अन्न तुटलंय. एकच धोसरा लावलाय, फोटूतली बाई ती हुती का न्हवती.

सिरवार्त : कमाल आहे. स्वतःची आई ओळखू आली नाही?

खलफ : पयल्या झटक्यात ओळखली. फोटू उराशी धरला आन् सोडंना. मग चुलत्यांनी हिसकून घेतला. म्हनले, येड्या, हनुवटी बघ. तुझ्या आईच्या हनुवटीवर टोळीच्या तीन रेघा गोंदलेल्या, हिची कोरी. ही कुठली तरी शहरातली बाई. तुझी आई मेली. पर फोटू त्यानं टाकला न्हाई. सत्तर वर्सं उशाखाली ठेवला, काल पयल्यांदा माझ्या हाती दिला.

सिरवार्त : मग मिटलं. हनुवटी कोरी आहे, तुझे चुलते बरोबर बोलले. मी निघते, नर्सेस. कॉफी तुम्हीच प्या.

नर्सेस : सिरवार्तबाई, माझे वडील टचिंग करायचे.

सिरवार्त : सगळेच करतात.

नर्सेस : काचेच्या निगेटिव्हवर, बारीक पेन्सिलीनं. देवीचे वण, सुरकुत्या. आणि वाळवंटातून आणलेल्या मुलींचं गोंदण. स्थळाला फोटो पाठवायचा असला की त्या आधी तेच विचारायच्या, जाईल का हे? वडील म्हणायचे, कागदावरून जाईल, पोरी.

सिरवार्त : पुढे बोलू नका.

नर्सेस : ती काच माझ्याकडे आहे. टेबलावरचं पाकीट तेच.

सिरवार्त : द्या इकडे.

नर्सेस : कडेनं धरा. हाताचा घाम लागू देऊ नका.

सिरवार्त : आता पडली हातातून तर?

नर्सेस : तर मी झाडून घेईन. दुसरं काय करणार?

खलफ : बाई, तेवढं करू नका. तुमचा हात हातात घेऊन सांगतो, करू नका.

सिरवार्त : सर मागे. तू काय मागतोयस ते तुला कळतंय का? माझे वडील दर रविवारी चर्चमधून आले की त्या फोटोसमोर उभे राहायचे. म्हणायचे, मी फोटो बघून होकार दिला आणि फसलो नाही. मरेपर्यंत म्हणाले. आता मी गावाला सांगू, की ते फसले होते? माझ्या सुना मला कोणत्या तोंडानं चहा देतील?

खलफ : गावाला कोण सांगतंय? एका माणसाला सांगायचं हाय. त्योबी चार दिवसांचा सोबती.

नर्सेस : खिडकीशी या, सिरवार्तबाई. काच सरळ नका धरू, तिरकी धरा. पेन्सिल जिथे लागलीय तिथे चमकते.

सिरवार्त : मला बघायची गरज नाही.

नर्सेस : एकदा बघून तर घ्या.

सिरवार्त : गरज नाही म्हणाले ना. तिची हनुवटी भाजलेली होती. लग्नाच्या आठवडाभर आधी तेल उडालं, असं सांगायची. मी शाळेत चाळीस वर्षं शिवण शिकवलं, नर्सेस. सरळ रेघ मला कळते. उडालेल्या तेलाचे असे तीन सरळ पट्टे उमटतात होय?

खलफ : म्हंजी तुम्हाला ठाऊक हुतं.

सिरवार्त : ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही. भीती वाटायची, ती खरं सांगेल म्हणून.

खलफ : आमच्या बापालाबी तीच भीती. म्हनून इतकी वर्सं हितं आला न्हाई. आता मरताना मला धाडलं.

सिरवार्त : तो सदरा. निळाच होता?

खलफ : निळा. त्याला बरोबर बसला. बाप अजून सांगतो, दोन वर्सं तिनं डोळ्यांनी बघितलं न्हाई, तरी माप चुकलं न्हाई. म्हनून तर त्याला खात्री हुती. पर चुलते म्हनले, योगायोग.

सिरवार्त : आई दरवर्षी ईस्टरला एक निळा सदरा शिवायची. मुलाचा. घरात तर आम्ही मुलीच. कुणासाठी गं, म्हटलं तर म्हणायची, अनाथाश्रमात देते. दरवर्षी माप थोडं वाढवायची. शेवटी शेवटी इतकं वाढलं, की शाळेतून येऊन मी हसायचे. म्हणायचे, आई, एवढा मोठा अनाथ कुठून आणणार?

नर्सेस : बसा, सिरवार्तबाई. काच माझ्याकडे द्या.

सिरवार्त : मी हसायचे, नर्सेस. ती मान खाली घालून काजं करत बसायची.

खलफ : हे मी बापाला सांगू का?

सिरवार्त : सगळं सांग. ती दर साली शिवत होती म्हणावं. मी हसले तेही सांग, आणि त्याबद्दल मला फार वाईट वाटतंय म्हणावं. नर्सेस, ही पेन्सिल पुसता येते?

नर्सेस : टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की निघते. पण परत लावणारं आता कुणी नाही. माझे हात कापतात.

सिरवार्त : पुसा. तिची हनुवटी होती तशी निघू दे.

खलफ : मावशी, रक्क्याची बस चारला हाय, तवर होईल का?

सिरवार्त : मावशी काय मावशी? बापाची बहीण मावशी असते का कधी? आत्या म्हण. आणि होईल की. ओला मिळाला तर ओला घेऊन जा, रस्त्यात वाळेल.

नर्सेस : एक प्रत ना?

सिरवार्त : दोन काढा. आमच्या भिंतीवरचा फोटो बदलायचा आहे.