संकराचा खण

मुलगी : थांबा बाबा, तो खण रिकामा करू नका!

बाबा : अगं, सगळी सरमिसळ आहे त्यात. दोन जातींच्या फुलपाखरांनी चुकून जोड्या जमवल्या, त्यांची ही पिलावळ. संग्रहालयात आधीच जागा नाही.

मुलगी : आईनं जंगलातून आणलेली आहेत ही. बावीस.

बाबा : माहितेय मला. 'संकर' हे लेबल माझ्याच हातचं आहे.

मुलगी : आणि त्याखाली, त्याच टाचणीला, आईचं लेबल. 'वेगळी जात.' त्यावर तुमची लाल रेघ.

बाबा : उकरून काढू नकोस ते. त्या रेघेपायी तुझी आई वर्षभर माझ्याशी धड बोलली नव्हती. इथली नोकरी सोडली, ती अजून या खोलीत पाऊल टाकत नाही.

मुलगी : मी यातल्या सहांचे पाय आमच्या प्रयोगशाळेत नेऊन त्यांचा डीएनए तपासला.

बाबा : मला न विचारता?

मुलगी : विचारलं असतं तर दिले असते?

बाबा : नसते दिले. बरं, निघालं काय?

मुलगी : आधी तुम्ही सांगा. संकर असेल तर काय निघायला हवं?

बाबा : निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं. त्यात काय एवढं!

मुलगी : तसं नाहीये. जवळजवळ सगळं एकाच जातीचं. दुसरीकडचा शंभरात एखादा तुकडा. पण पंखावरचा तांबडा पट्टा, उडायची ढब, अंगाचा वास, सगळं त्या तुकड्यातलं.

बाबा : सहाही सारखी?

मुलगी : तंतोतंत.

(बाबा भिंग काढतात, पुसतात, खणावर वाकतात.)

बाबा : म्हणजे हे कालपरवाचं प्रकरण नाही.

मुलगी : लाखभर वर्षांपूर्वीचं असावं. तेव्हापासून यांचा संसार आपापसांतच.

बाबा : पण जुन्या दोन्ही जाती त्याच झाडांवर असताना ही परत त्यांच्यात मिसळत कशी नाहीत?

मुलगी : आईच्या वहीत आहे ते. तिनं गच्चीवर जाळीत तिन्ही पाळली होती ना? यांचे नर आपल्याच पट्ट्याच्या माद्यांमागे. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघेनात.

बाबा : सांगत होती ती. रोज सांगायची. मी म्हणायचो, गच्चीवरचे खेळ आहेत. ती जिवंत फुलपाखरं बघत होती आणि मी इथं बसून मेलेल्यांचे पट्टे मोजत होतो. साफ चुकलो गं मी.

मुलगी : मग नवं लेबल लिहा.

बाबा : मी नाही. फोन लाव तिला. आण इकडे... हॅलो? अगं, मी बोलतोय. तुझी ती बावीस... वेगळीच जात निघाली. तुझंच खरं होतं. ऐकतेयस ना?

आई : ऐकतेय.

बाबा : येतेस का इकडे? लेबल तुझ्या हातचं हवंय.

आई : येते. पेन माझं आणते, तुमचं पसरतं.