शवासनातून उठवायचं राहिलं

तेर गावात माझा योगाचा वर्ग असतो. त्या मंगळवारी बायकांना शवासनात निजवलं आणि दिराचा फोन आला, "वहिनी, दादा गेले." मी तशीच धाराशिवची बस धरली.

तेरावं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला गावोगाव फिरायचं?"

"वर्ग अर्धा राहिलाय," मी म्हणाले आणि निघाले.

वर्गाच्या दारातच गोदाकाकूंनी गाठलं. "बाई, उठा म्हणायच्या आधीच गेलात. सांगितल्याबिगर हलायचं न्हाय, हे तुमीच शिकवलं. आमी तासभर पडून. सुमन तर घोरत होती."

"काकू, ते तुमी होता," सुमन म्हणाली.

"झोपा परत," मी म्हटलं. "आज उठवते." आणि उठवलं.

आमचे हे कित्येकदा म्हणाले होते, "मलाही शिकव की." त्यांना शिकवायचं राहिलं.