गायरानावरचा युरिया

घरी आलात तर आमच्या मायसमोर सरपंचाचं नाव तेवढं काढू नका बरं.

परतूरकडच्या मुरमाड गायरानावर तिच्या बचत गटानं शेळ्यांसाठी स्टायलो पेरल्ता. हा शेंगवर्गीय चारा हलक्या जमिनीतबी येतो, वरून युरिया मागत न्हाई. दोन-दोन पानांची रोपं निघाली, अन् तेवढ्यात पाहणीला साहेब येणार म्हणून सरपंचानं युरियाच्या गोण्या आणल्या.

माय आडवी झाली. "दादा, टाकू नका. कुसळी गवत माजंल, बारकी रोपं त्याच्याखाली दबून मरतील."

"काकू, साहेबाला हिरवं दिसाया पाह्यजे," म्हणत त्यानं फेकलाच.

पावसात कुसळी गुडघ्याएवढी झाली. साहेब खुश होऊन गेले. मंग मायनं गवत फाकवून पाह्यलं, तर खाली स्टायलो पिवळा पडून मेल्ता.

दिवाळीनंतर साहेब परत आले. स्टायलो कुठंच दिसंना. त्यांनी 'गटाचं दुर्लक्ष' असं लिहिलं, अन् गायरान गटाच्या हातून गेलं.

माय म्हणली, "साहेब, युरिया टाकल्याचंबी लिहा."

"मावशी, खत टाकून कुठं चारा मरतो का?"

सरपंच हसला. मंग त्याचं बघून गटातल्या बायाबी मायवर हसल्या.