बाबांना शांत करायचं होतं

...आणि वर मलाच विचारतात, टिल्डा, तू अशी खांदे पाडून का बसतेस? अहो, खांदे पडणार नाहीत तर काय होणार? गुरुवारी संध्याकाळी माझ्या वर्गातल्या मुली नदीकाठी पाय सोडून बसलेल्या असतात, आणि मी गावच्या व्यायामशाळेत रबराच्या गादीवर, पन्नाशीपुढच्या माणसांच्या मधोमध, उताणी पडून छताकडे बघत असते. डावीकडे बाबा, उजवीकडे शेजारच्या क्युमर्लेबाई, आणि डोक्याशी एक मेणबत्ती, तीसुद्धा बॅटरीवरची, कारण खरी पेटवायची तर अग्निशमन दलाकडे अर्ज करावा लागतो. आणि हे सगळं कशासाठी? तर मन शांत व्हावं म्हणून.

माझं मन शांतच होतं हो. इतकं शांत की हजेरी घेताना शिक्षक माझ्याकडे बघूनच मला गैरहजर समजतात. अशांत होते ते आमचे बाबा.

तुम्हाला सांगते, आमचे बाबा म्हणजे वेंडेलिन. आमच्या हिंटरलिंगन गावातल्या निम्म्या घरांत त्यांनी हीटर बसवलेत आणि निम्म्या घरांशी त्यांचं भांडण आहे, आणि ती दोन्ही निम्मी एकच आहेत. तर या बाबांचा जगात एकाच गोष्टीवर जीव, ती म्हणजे ट्यूबा. ते पितळेचं अजस्र वाद्य नाही का, अजगरासारखं अंगाभोवती वेढून घ्यायचं आणि गाल फुगवून फुंकायचं, ते. गावच्या बँडमध्ये तीस वर्षं ट्यूबा बाबांकडे. आई म्हणते, लग्नाच्या फोटोत माझ्यापेक्षा ट्यूबा जास्त जागा खातोय, आणि मी तो फोटो पाहिलाय, ती खोटं बोलत नाही.

तर या वसंतात काय झालं, बाबा नेहमीच्या तपासणीला गेले. डॉक्टर सायबोल्टबाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, रक्तदाबाचा आकडा पाहिला, परत भरली, मग मशीन बिघडलंय की काय म्हणून तो पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. मशीन ठीक होतं. म्हणाल्या, "हा आकडा खाली येईपर्यंत ट्यूबाला हात लावायचा नाही. एखाद्या दिवशी फुंकता फुंकता कोसळाल."

"पण जूनमध्ये अग्निशमन दलाला सव्वाशे वर्षं होताहेत. मिरवणूक आहे. पुढच्या रांगेत मी असतो."

"मग जूनपर्यंत शांत व्हा."

"शांत व्हा म्हणजे काय, मी शांतच आहे," असं बाबा म्हणाले, ते बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना नीट ऐकू गेलं.

आणि त्याच संध्याकाळी दारात कोण? हार्टविगमामा. आईचा सख्खा भाऊ, बँडमध्ये वीस वर्षं झांजा वाजवतो. वीस वर्षं झांजा, आणि वीस वर्षं नजर त्या ट्यूबावर. हातात केक. "वेंडेलिन, तू मुळीच काळजी करू नकोस हं," मामा सोफ्यावर बसत म्हणाला, "तुझ्या ट्यूबाची काळजी मी घेईन. शेजारच्या गावातून एक जुना ट्यूबा उसना आणून घरी थोडा सरावही सुरू केलाय." बाबांनी केकचा तुकडा असा कापला की खालच्या ताटलीचे दोन भाग झाले.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न. जूनच्या मिरवणुकीत ट्यूबा कुणाच्या अंगावर?

मग सुरू झाले व्यायाम. आधी काठ्या घेऊन चालणं. दोन हातांत दोन काठ्या, झपझप चालायचं, हृदयाला चांगलं असतं म्हणे. असेलही, पण पहिल्याच दिवशी सायकलवरून टपाल वाटणाऱ्या बाईने बाबांना मागे टाकलं, आणि बाबांनी ते मनाला लावून घेतलं, आणि दुसऱ्या गावापर्यंत तिचा पाठलाग केला, आणि तिने पोलिसांना फोन केला. मग पाण्यातला व्यायाम. गुडघ्यांना चांगला, सांध्यांना चांगला, पाण्यात वजनच लागत नाही, सगळं खरं. पण त्या पोहण्याच्या तलावाचा बॉयलर बाबांनीच बसवलेला. पाण्यात पाय टाकताक्षणी बाबांना कळलं की कुणीतरी तापमान दोन अंशांनी वाढवून ठेवलंय. पुढचा अर्धा तास म्हाताऱ्या बायका पाण्यात हात वर-खाली करत होत्या आणि बाबा पोहण्याच्या चड्डीत, ओलेते, बॉयलरच्या खोलीत तिथल्या कर्मचाऱ्याशी भांडत होते. आणि हे सगळं कशासाठी? तर मन शांत व्हावं म्हणून.

डॉक्टरबाईंनी परत पट्टा बांधला. आकडा वर. म्हणाल्या, "शरीर हलतंय तुमचं. डोकं कधी थांबणार?" आणि त्यांनी विमा कंपनीच्या खर्चाने चालणारा तो श्वासाचा आणि ध्यानाचा वर्ग लिहून दिला. आई म्हणाली, टिल्डा, तूही जा, तुझी पाठ सरळ होईल. पाठ कसली, मला पाठवलं बाबांवर लक्ष ठेवायला. मी बोलत नाही ना फारशी, म्हणून घरातल्या सगळ्यांना वाटतं, हिला कुठेही ठेवून द्यावं.

वर्ग घेणारी स्वान्ये. हँबर्गची. आमच्याकडे हँबर्ग म्हणजे जवळजवळ परदेश. आवाज असा मऊ की तिने आग लागली म्हणून सांगितलं तरी आपण डोळे मिटून पडून राहू. पहिल्याच दिवशी म्हणाली, "गादीवर आपण सगळे एक. आडनावं नाहीत, तुम्ही-आम्ही नाही. सगळे अरे-तुरे."

आता तुम्हीच विचार करा. क्युमर्लेबाई आणि बाबा बावीस वर्षं शेजारी राहतात. मधल्या कुंपणाच्या उंचीवरून आठ वर्षं भांडताहेत, पण कशा इभ्रतीने. "क्युमर्लेबाई, आपली झुडपं माझ्या बागेत आली आहेत." "वेंडेलिनसाहेब, आपण ती कापू शकता, आपल्या बाजूने." आणि इथे एकदम अरे-तुरे. बाबांनी घसा साफ केला. बाईंनी मोज्यांकडे पाहिलं. तसं सगळं निभावलंही असतं... पण खिडकी होती ना.

स्वान्ये म्हणाली, "डोळे मिटा. हात जड झालाय. पाय जड झालाय. ताजी हवा आत घ्या." आणि ताजी हवा म्हटल्याबरोबर कुणीतरी उठून खिडकी वरच्या बाजूने थोडी आत झुकवली, आमच्याकडच्या खिडक्या तशाही उघडतात. क्युमर्लेबाईंचा हात तोवर जड झाला होता, पण मान चांगलीच हलकी होती. ती गर्रकन वळली.

"वारा येतोय. माझी मान धरेल. बंद करा."

"बंद?" हा गुदमरणाऱ्यांच्या गटाचा आवाज. "इथे मोज्यांचा वास येतोय."

"मग थोडी उघडी ठेवू."

आणि इथे बाबा उठून बसले. थोडी उघडी खिडकी, तुम्हाला सांगते, हा बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शत्रू. "थोडी उघडी नाही. खिडकी एक तर पाच मिनिटं सताड उघडायची, नाही तर ठार बंद. थोडी उघडी ठेवली की भिंत गार पडते, हीटर वेड्यासारखा जळतो आणि हवा काही बदलत नाही. मी तीस वर्षं हेच सांगतोय."

"तू तीस वर्षं हेच सांगतोयस," क्युमर्लेबाई म्हणाल्या, "आणि तीस वर्षं तुझं कुणी ऐकत नाहीये, वेंडेलिन."

तू! बावीस वर्षांचं ते सगळं "आपण" आणि "कृपया" एका क्षणात खलास. "आणि तुझ्या त्या झुडपांचं काय गं?" "तुझ्या ट्यूबाचं काय रे? दर रविवारी माझी मांजर कपाटाखाली जाते." मध्ये स्वान्ये मऊ आवाजात म्हणतेय, विचार येतील, त्यांना ढगांसारखं जाऊ द्या. ढग कसले, गारा पडत होत्या. शेवटी कुणीतरी म्हणालं, मतदान घेऊ. घेतलं. सताड, थोडी, बंद, तिन्हींना सारखी मतं. मी हात वर केला नव्हता, म्हणून सगळे माझ्याकडे वळले. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यापुरता मला ध्यानाचा खरोखर फायदा झाला.

असे गुरुवारामागून गुरुवार. आणि गंमत बघा, सकाळी पावाच्या दुकानात तीच क्युमर्लेबाई, तेच बाबा. "सुप्रभात, वेंडेलिनसाहेब, आपली प्रकृती कशी आहे?" "आभारी आहे, बाई, आपली मान कशी आहे?" कारण दुकानात गादी नाही.

आकडा काही उतरेना. मामाच्या घरावरून जाताना ट्यूबाचा आवाज यायला लागला, म्हैस दारात अडकल्यासारखा. बाबा ऐकून घ्यायचे. बोलायचे नाहीत. ते बोलत नाहीत म्हटल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. एकदा तळघरात गेले तर ते ट्यूबा पुसत बसले होते, तोंड न लावता, नुसतं फडकं फिरवत.

मग एका गुरुवारी स्वान्येचाच धीर सुटला. खिडकीवरून चौथं मतदान चाललं होतं, आणि ती हँबर्गची मऊ मुलगी एकदम ओरडली, "बाहेर! सगळे बाहेर!" आणि आम्हाला हाकत हाकत गावामागच्या द्राक्षमळ्यांत घेऊन गेली. तिथे खिडकी नाही. म्हणाली, "आता बोलायचं नाही. चालायचं. एक श्वास आत, एक पाऊल. एक श्वास बाहेर, दुसरं पाऊल. कुठेही पोचायचं नाहीये."

बाबा पहिल्या रांगेतून निघाले ते नेहमीच्या झपाट्याने, आणि वीस पावलांवर कळलं की ते एकटेच आहेत. परत आले. परत निघाले. मी त्यांच्या मागे होते. बाबांची मान मागून कायम लाल असते, लहानपणापासून मला वाटायचं तोच त्यांचा रंग. दुसऱ्या वळणावर ती गुलाबी झाली. चौथ्या वळणावर, तुम्हाला सांगते, साध्या माणसाच्या मानेसारखी दिसायला लागली. वाटेवर एक गोगलगाय आडवी चालली होती. बाबा थांबले. तिला जाऊ दिलं. गोगलगायीला. ज्या माणसाने कधी ट्रॅक्टरला वाट दिली नाही, त्याने.

आणि मग त्यांना चटकच लागली. रोज पहाटे मळ्यात, श्वास आत, पाऊल, श्वास बाहेर, पाऊल. जूनच्या आधी सायबोल्टबाईंनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि परत एकदा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. "वेंडेलिन, तुमचा माझ्यापेक्षा चांगला आहे. वाजवा ट्यूबा." आई रडली. मामाला कळवलं तेव्हा तो जेवत होता. त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "वा. छान झालं," आणि काटा परत उचललाच नाही.

आली मिरवणूक. अख्खा गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पुढे बँड, मागे अग्निशमन दलाचा आजोबांच्या काळातला लाल बंब, त्याच्यामागे बालवाडीची मुलं कागदी शिरस्त्राणं घालून. पहिल्या रांगेत बाबा, अंगावर ट्यूबा, चेहऱ्यावर हे एवढं समाधान. आणि सुरू झालं संचलनगीत. ऊम...

एक श्वास आत.

...ऊम.

आता बँडमध्ये पाय कुणाच्या तालावर पडतात? ट्यूबाच्या. मोठा ढोल वाजवणारे बर्टोल्टकाका दोन्ही कानांनी ठार बहिरे, ट्यूबा बरगड्यांत जाणवला की ते काठी मारतात. ढोल मंदावला, ढोलामागे कर्णे मंदावले, कर्ण्यांमागे पाय. सगळा बँड एक पाऊल टाकतोय, थांबतोय, जणू वाटेवर गोगलगायी आहेत. चर्चच्या कोपऱ्यावर दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. एकीने विचारलं, "कोण गेलं?" दुसरी म्हणाली, "कळलं नाही अजून, पण मोठा माणूस दिसतोय." आजूबाजूच्या पुरुषांनी हॅटा काढल्या. मागे बंबाला इतकं हळू चालणं जमेना, त्यातून वाफ यायला लागली, आणि अग्निशमन दलाला सव्वाशे वर्षांच्या सोहळ्यात स्वतःचाच बंब विझवावा लागला. बालवाडी थकून रस्त्यावर आडवी झाली. जेवणाच्या मंडपात पोचेपर्यंत भाजायला ठेवलेल्या कोंबड्यांचा कोळसा आणि बिअर कोमट, आणि भुकेल्या गर्दीतला एकही माणूस सरपंचांचं भाषण ऐकायला थांबला नाही.

बाबा मात्र घामाचा थेंबही न येता पोचले. म्हणाले, "किती छान झालं नाही?"

पुढच्या आठवड्यात बँडची तातडीची सभा. ठराव एकच, ट्यूबा हार्टविगकडे द्यावा. मामा बिचारा कोट घालून, चार पानी उत्तर पाठ करून आला होता. वेंडेलिन असं म्हणेल, मग मी तसं म्हणेन. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यात आधी कुणाचा हात वर? बाबांचा. सावकाश. श्वास सोडत. मग उठले, ट्यूबा अंगावरून उतरवला आणि मामाच्या मांडीवर ठेवला. "घे. पोटातून फुंक. घाई करू नकोस."

मामाचं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं वाट पाहिलेली वस्तू मांडीवर, आणि भांडायला समोर कुणी नाही. "तुला... तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. संध्याकाळ छान आहे."

घरी आल्यावर बाबा मळ्याकडे निघून गेले, आणि आई तळघरात गेली, आणि बराच वेळ वर आली नाही. मी खाली पाहिलं तर ट्यूबाच्या जागेवर धुळीत एक स्वच्छ गोल उरला होता, आणि ती तिथे उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सायबोल्टबाईंना फोन लावला. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं. खूप वेळ आभार मानले तिने, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर, तो आकडा थोडासा परत चढवता येतो का हो? अगदी थोडा. नुसतं दार आपटण्याइतपत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, येतो की, पण त्याचा खर्च विमा कंपनी देत नाही.