डोक्यावरचं कपाट

नाही, खाली नाही जायचं. खालूनच तर आलेय मी, पुन्हा खाली कशाला? जे काय बोलायचं ते इथंच बोलू — आणि दारात अशी दोन्ही हात पसरून काय उभी राहिलीस, मी काय तुझं घर लुटायला आलेय? हो बाजूला. गुडघे? माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय! जिना चढून आले ना, ठणठणीत आहेत. कुणी सांगितलं तुला माझे गुडघे दुखतात म्हणून? माझ्या लेकीनं? तिला म्हणावं, तू आधी स्वतःची पाठ सांभाळ. हे बघ, मी काही भांडायला आलेली नाही — म्हणजे भांडायलाच आलेय, खोटं कशाला बोलू. आठवडा झाला तू माझ्या डोक्यावर मिरे वाटते आहेस. दुपारी जरा कुठं डोळा लागतोय न लागतोय तोच वर घर्र, घर्र, घर्र, इकडून तिकडं. थांबलं म्हणून कूस बदलावी, तर तिकडून इकडं. अगं ओढतेस तरी काय एवढं? हत्ती पाळलायस? काल तर छताचा पोपडा माझ्या चहात पडला. पडला, आणि मी तो चमच्यानं काढून चहा प्याले, कारण लेकीला सांगावं तर तिचं एकच — आई, तू मधे पडू नकोस, मी सांगते तिला. रोज सांगते म्हणते. आज ती कामावर गेली आणि म्हटलं, बास.

तसं मला काय करायचंय म्हणा. मी काही इथली कायमची नव्हे. माझं स्वतःचं घर आहे गावाच्या त्या टोकाला — तीन खोल्या, मागं थोडी मोकळी जागा, फाटक. सध्या तिथं फरशी उखडलीय. नवी घालायचीय, मग रंग. मुलगा करतोय सगळं. म्हणाला, आई, तुला ही धूळ सोसायची नाही, तू ताईकडं जाऊन राहा, काम झालं की मी स्वतः येतो तुला न्यायला. सामान सगळं मागच्या खोलीत रचून वर चादरी घातल्यात त्यानं. मला सामानाची फार काळजी, त्याला माहीत आहे ना. आणि रोज दुपारी फोन, न चुकता. आज काय, गिलावा झाला. काल काय, नळ बदलले. सगळे म्हणतात असा मुलगा मिळायला नशीब लागतं, आणि मीही म्हणते.

पाणी नको. बसते जरा. कशावर बसू? ह्या खुर्चीवर नको? मोडेल? मग ठेवलीस कशाला? अगं बाई, काय गं हे सगळं — घर आहे की गोदाम? हे घड्याळ बंद आहे. शोभेचं? घड्याळ, आणि शोभेचं! कोळशाच्या इस्त्रीत रोप लावलंयस. पत्र्याच्या ट्रंकेवर काच टाकून वर कप मांडलेत, म्हणजे ट्रंक उघडायची झाली की आधी कप उचला, मग काच उचला. उघडायचीच नसते? बरं बाई. जुन्याची आवड आहे म्हणतेस तुला. आम्हाला आवड आहे का असं कुणी विचारलंच नाही कधी, आमच्या घरात सगळं जुनंच होतं. कुठून मिळतं तुला हे? बाजारामागच्या जुन्या सामानवाल्याकडून? तो अजून आहे होय.

आणि ओढत होतीस ते हे? हे धूड? वा, छान अडकलंय की दारात, ना आत ना बाहेर. आतल्या खोलीत न्यायचं होतं? का, इथं काय वाईट होतं ते? भिंतीवर तर पांढरा चौकोन दिसतोय, म्हणजे तिथंच होतं इतके दिवस. असं कपाट आमच्याकडंही आहे. अगदी हुबेहूब. तेव्हा घरोघर असायची असली कपाटं, एकाच सुताराच्या हातची. आमचं मात्र निळं. ह्यांनी रंगवलं — फाटकाचा रंग उरला होता, वाया कशाला घालवायचा म्हणून एका रविवारी मी बाहेर गेलेली बघून फासला कपाटाला. मी आले तर निळं कपाट आणि निळे हे. कित्येक दिवस अबोला धरला होता मी. मग सवय झाली, आणि पुढं तर दुसरा रंग डोळ्यांपुढं येईना. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, नवं घेऊ, मी म्हटलं, हात लावून बघ.

तू हे घासलंयस, नाही? पॉलिशपेपरनं? कशाला? जुनं दिसायला? अगं जुनंच आहे ते, त्याला आणखी किती जुनं करशील! खालचा खण? उघडत नाही होय. असा जोर लावून नाही उघडणार, हात निखळेल. आमचाही असाच अडतो. थोडा वर उचलायचा, आणि — सरक जरा — डाव्या गुडघ्यानं असा ठोसा द्यायचा.

उघडला.

बघ, म्हटलं ना, एकाच सुताराच्या हातची. सगळ्यांचे खण असेच अडत असणार. डांबरगोळ्यांचा वास येतोय, तो काय, सगळ्याच कपाटांना येतो. आणि हे काय कोपऱ्यात — निळं. इथवर तुझा कागद पोचला नाही वाटतं. असू दे. निळा रंग काय जगात आमच्याच फाटकाला होता? लावला असेल आणखी कुणी. लोक काय वाटेल ते लावतात. तू अशी का बघतेस माझ्याकडं? आणि भिंतीला पाठ लावून का उभी आहेस मघापासून, पाल बसलीय का मागं? हो बाजूला. हो म्हणते ना!

कोण गं हे सगळे? तुझ्या माहेरचे? नाही? मग सासरचे? कुणीच नाहीत? अनोळखी माणसांचे फोटो लावलेस भिंतीवर, फ्रेमा सुरेख आहेत म्हणून? धन्य आहे तुझी. ह्या मिशीवाल्या आजोबांना कुणी विचारलं होतं, तुम्हाला परक्याच्या बैठकीत लटकायचंय का म्हणून? आणि ही मधली —

ही मधली मी आहे.

अगं ही मी आहे! हात काय लावतेस तोंडाला, जिवंत आहे मी, तुझ्यासमोर उभी आहे. ही मी आणि हे आमचे हे. मागचा जिना खोटा आहे, पुठ्ठ्याचा, आणि ते तळं पडद्यावर रंगवलेलं. फोटोवाला म्हणत होता, वहिनी, हसा, आणि मी हसले नाही, कारण ह्यांनी नवे बूट घातले होते आणि त्यातला एक माझ्या पायावर होता. कपाळावरची आठी बघ. बघ, आणि माझ्याकडं बघ. पाहुण्यांना काय सांगतेस तू? जुन्या काळातलं कुणी जोडपं? अनोळखी? तुझ्या खालच्या मजल्यावर राहतेय मी, बाई!

कुठून आणलंस हे? खरं सांग. तो सामानवाला चोर आहे, चोरीचा माल घेतो तो, आणि तू तो मिरवतेस. माझ्या मुलाच्या डोळ्यात धूळ फेकून कुणीतरी मागची खोली साफ केलीय. फरशीवालेच असतील, त्यांच्याशिवाय कोण येतंय तिथं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल, अजून चादरीच मोजत बसला असेल. माझा फोन कुठं आहे — काय? काय म्हणालीस? पुन्हा बोल. तू तिथंच होतीस? टेंपोतून उतरवतानाच घेतलंस कपाट? आणि सोबत कोण होतं? — उंच, चष्म्याचा, बोलताना मान खाजवणारा.

मान खाजवणारा.

काय म्हणाला तो? नाही, तू सांग, माझ्या तोंडाकडं बघू नकोस, सांग. घर विकलं. घर विकलंय, आता हे सगळं ठेवायला जागा नाही, काय द्याल ते द्या पण आजच्या आज उचला. असं म्हणाला? आजच्या आज? म्हणजे फरशी नाही, गिलावा नाही, काही नाही. मग हे रोजचे नळ कुठले बसवतो तो? परवा मला विचारत होता, आई, स्वयंपाकघराला कुठला रंग देऊ. मी रात्रभर विचार करून सांगितलं, फिका पिवळा. चांगली निवड आहे म्हणाला! फिका पिवळा! घर त्याच्या नावावर मीच केलं, आज ना उद्या त्याचंच की, त्याचं मला काही नाही. विकायचं होतं तर विकायचं. माझ्यासमोर बसून म्हणायचं, आई, मी विकतोय. मी आरडाओरडा केला असता, ताट भिरकावलं असतं, चार दिवस जेवले नसते, आणि मग उठून स्वतःच्या हातानं सामान बांधलं असतं. तेवढंही करू दिलं नाही मला. बापाचा फोटो फ्रेमसकट देऊन टाकला, आणि हा माझा मुलगा! लाज नाही वाटली मेल्याला!

रडू नकोस. तू का रडतेस? तुझं काय गेलं? — काय सांगायचं राहिलंय आणखी? कोण आलं होतं? माझी लेक? इथं? कधी? चहाला बोलावलंस तिला, आणि तिनं भिंतीवर फोटो पाहिला. हं. मग? चहा तसाच ठेवून उठली. मग म्हणाली, आईला वर येऊ देऊ नका, तिचे गुडघे… अस्सं. असं आहे तर. म्हणून तू कपाट ढकलत होतीस आत, दारातून दिसू नये म्हणून. आठवडाभर माझ्या डोक्यावर माझंच कपाट माझ्यापासून लपवणं चाललं होतं, आणि मी खाली झोप मोडली म्हणून चिडत होते. लपवायला नसतं ओढलंस तर मी आलेही नसते वर! आणि फोटो? तो का नाही काढलास? तो काढायला तर हत्ती लागत नाही. काय? मोठ्यानं बोल. मधला काढला की भिंत बोडकी दिसते?

भिंत बोडकी दिसते. शाबास. निदान तू खरं तरी बोललीस. माझी पोटची पोर रोज माझ्या ताटात वाढते, आई, भाजी हवी का, आई, झोप झाली का, आणि हे पोटात घेऊन बसलीय. तिला वाटलं असेल, आईला सोसणार नाही. मला न विचारता ठरवून टाकलं सगळ्यांनी मला काय सोसतं आणि काय नाही!

परत देते म्हणतेस? आत्ता? सगळं, फुकट, माणसं लावून खाली पोचवते? अगं वेडे, कुठं पोचवशील? सांग ना. खाली लेकीच्या घरात मी बैठकीतल्या दिवाणावर झोपते. उशाशी नातीचं अभ्यासाचं टेबल, ती रात्री वाचत बसली की दिवा माझ्या डोळ्यांवर. माझे कपडे पिशवीत आहेत. लेक म्हणाली होती, आई, माझ्या कपाटात एक कप्पा रिकामा करते, मीच नको म्हटलं. थोड्या दिवसांसाठी कशाला तुझी घडी विसकटायची, म्हटलं. पिशवीतनं काढते आणि पिशवीत ठेवते. कुठं नेऊ मी हे कपाट? बोल!

थांब. वाजतोय. तोच. ह्याच वेळेला करतो. गप्प राहा तू.

हॅलो. हं, बोल. हो, जेवले. नाही, बसलेच होते. — झाली? फरशी बसली? वा. करड्या रंगाची? छान, करड्यावर मळ दिसत नाही. माणसं चांगली मिळाली तुला. — अरे, एक विचारायचं होतं. माझं कपाट. हो, निळं. चादर आहे ना त्याच्यावर? बरं. आत्ता घरीच आहेस तू? मागच्याच खोलीत? समोरच? मग असं कर, चादर बाजूला कर आणि दार उघड. डाव्या दाराला आतून आरसा आहे, त्याला तडा तर नाही गेला ते बघ. माझ्या मनात आपलं आलं. नाही, घाई नाही, मी थांबते. — उघडलंस? नाही गेला? शाबूत आहे? लख्ख दिसतंय त्यात?

बरं झालं. मीही बघतेय रे. मीही तेच दार उघडून उभी आहे. मला त्यात तुझी आई दिसतेय. तुला कोण दिसतंय?

हॅलो?

बोल ना. ऑफिसातली माणसं बोलतायत तुझ्या मागं, ऐकू येतंय मला. तू बोल.

ठेवला.

काय उभी आहेस? जा. आत जा, बाहेर जा, कुठंही जा — हो, तुझंच घर आहे, माहीत आहे मला, कुणाचं काय आहे ते आज चांगलं कळलंय. फक्त थोडा वेळ जा. मला माझ्या सामानात बसू दे. आणि जाताना दार ओढून घे.