दुर्गाची हजेरी

...आणि वर म्हणतात, ऑनलाइन सोपं! अहो, कसलं सोपं? तुम्हाला सांगतो, मी देवासचा माणूस, टेकडी चढायला सांगा, आत्ता चढतो, पण पाणी म्हटलं की बादलीतसुद्धा जपून हात घालतो... आणि मला करायचा होता नाव चालवण्याचा सुरक्षा कोर्स!

का? दुर्गासाठी. बायको माझी. तिचं माहेर निसरपूरचं, घर धरणाच्या पाण्याखाली. दर संक्रांतीला ती भावाच्या नावेतून जायची, बरोबर घराच्या वर थांबायची आणि बाग गावच्या छापाचा खण नि नारळ पाण्यात सोडायची. ‘माहेरानं माझी ओटी भरली, आता मी त्याची भरते.’ मी काठावर, चपला सांभाळत. गेल्या श्रावणात ती गेली. यंदाचा खण तिनंच आणून ठेवलेला. मेव्हणे यशवंतराव गुडघा बांधून खाटेवर. म्हणाले, ‘भावजी, नाव न्या, पण आधी कोर्सचं सर्टिफिकेट दाखवा. पाण्यानं घर नेलं, आजारानं बहीण, तुम्ही तरी राहा.’

बरं. क्लास धार शहरात. शिकवणारे फत्तेसिंग, सगळ्यांना ‘भिया’ म्हणजे भैया म्हणणारे. बारा प्लास्टिकच्या खुर्च्या नावेसारख्या मांडलेल्या! ‘भिया, लहर आई, बाएँ झुको!’ सगळे झुकले, मी खुर्चीसकट फरशीवर! ‘अरे, देवासवाले भिया तो सूखे में डूब गए!’ नापास.

मग ऑनलाइन. फोन दुर्गाचा, खातं दुर्गाचं. घरातले सगळे फॉर्म तीच भरायची ना! तर दर दहा मिनिटांनी धडा थांबतो आणि आतली बाई गोड आवाजात विचारते, ‘दुर्गाजी, क्या आप अब भी यहाँ हैं?’ ‘हाँ’ दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही! काय करणार? दाबलं. पहिल्यांदा बोट अडखळलं, मग सवय झाली, मग... तुम्हाला सांगतो, मी वाट बघायला लागलो.

चौथ्या धड्याला मी स्वयंपाकघरात, चहा उतू चाललेला. बाहेरून आवाज, ‘दुर्गाजी, क्या आप अब भी यहाँ हैं?’ म्हटलं, थांब बाई, आलो... आणि धडा पुढे सुरू! घरात मी एकटा! दाबलं कुणी? मुलगी ऋजुता इंदूरहून म्हणते, ‘बाबा, फोन हँग झाला असेल.’ असेल! मग परीक्षेचं काय? प्रश्न आला, नाव उलटली तर काय कराल? मी ‘काठाकडे पोहा’वर बोट नेतोय, तर खालच्या ओळीवर आधीच खूण... ‘नाव सोडू नका.’ बरोबर उत्तर! वीसपैकी वीस! फरशीवर बुडालेल्या माणसाला!

सर्टिफिकेटवर नाव अर्थातच दुर्गाचं. यशवंतरावांनी ते बोट फिरवत वाचलं. मग उशाखालून नावेच्या साखळीची किल्ली काढली. ‘ती येणार असेल, तर न्या.’

उद्या संक्रांत. मी लाइफ जॅकेट घालून, खण मांडीवर घेऊन मुकाट बसणार, नाव तीच नेईल. मधोमध गेलो की मीच विचारणार, ‘दुर्गाजी, क्या आप अब भी यहाँ हैं?’ ‘हाँ’ आलं तर घाबरेन. नाही आलं तर... अहो, मला वल्हं कुठल्या बाजूनं धरतात, तेसुद्धा माहीत नाही!