वरचा नट आधी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या दूध संघाच्या व्यवस्थापक बाई, व्यासपीठावरील संचालक मंडळ, डोंगरावरून मुद्दाम उतरून आलेले दूध उत्पादक, आमचे चालक बंधू, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि हारामागे तोंड लपवून बसलेले त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मिस्त्री, सर्वांना माझा नमस्कार.

मी वर्कशॉपमधली. सहा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली काम करते आहे. मला पाना धरायची सवय आहे, माईक धरायची नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आधीच्या वक्त्यांनी मिस्त्रींच्या सदतीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला, तो यथायोग्यच आहे. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. निवृत्तीचा अर्ज यांनी याआधी तीनदा लिहिला आणि तीनदा खिशातून परत घरी नेला. लेकीनं तिच्या घराशेजारची खोली या दोघांसाठी चार वर्षं रिकामी ठेवली आहे. काकूंनी तर पडदेही शिवून ठेवलेत. दर वेळी यांचं उत्तर एकच, पिकअप कोण बघणार?

आता ही पिकअप म्हणजे काय प्रकरण आहे? डोंगरावरच्या वस्तीचं दूध रोज दोन वेळा खाली आणणारी, चारही चाकांना जोर देणारी आपली एकुलती एक गाडी. दुसरी कुठलीही त्या चढावर बसकण मारते. हिच्या पोटाखाली तेलाच्या तीन पेट्या. पुढच्या चाकांमध्ये एक डिफरन्शियल, मागच्या चाकांमध्ये एक, आणि मध्ये इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटून देणारी ट्रान्स्फर केस. प्रत्येक पेटीला दोन नट. खालच्यातून जुनं तेल सोडायचं, वरच्यातून नवं भरायचं. मिस्त्रींचा नियम असा, की आधी वरचा उघडून बघायचा आणि मगच खालच्याला हात लावायचा. कारण पेटी रिकामी केली आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी काकूंनी यांना पाच दिवस ओढून नेलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे पाच दिवस नीट पार पडले तर कदाचित अर्ज देतील. मी म्हटलं, काळजीच सोडा.

चौथ्या दिवशी दुपारी मी तेल बदलायला घेतलं. पुढचा डिफरन्शियल झाला, ट्रान्स्फर केस झाली, आणि अंगावर मूठभर मांस चढलं. मागच्याचा खालचा नट मी आधी सोडला. काळंकुट्ट तेल भांड्यात पडत होतं आणि मी गुणगुणत होते. मग वरच्याला पाना लावला. हलेना. जोर केला तर नटाच्या कडाच गेल्या आणि पाना गरगरा फिरायला लागला. साडेतीन वाजले होते. पाच वाजता गाडी दुधाला निघायची होती.

फोन लावला. तिकडे बाळ रडत होतं. मी तोंड उघडायच्या आत मिस्त्रींनी विचारलं, "खालचा आधी सोडलास?"

मी म्हटलं, हो, आणि वरचा आता फिरतच नाही. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त लाज वाटली. शांतपणे म्हणाले, त्या पेटीच्या वरच्या अंगाला करंगळीएवढा ब्रीदर असतो, आतली हवा बाहेर जायला. तो काढ, बारीक नळी लाव आणि तेल हळूहळू आत सोड. एरवी वरच्या भोकातून ओघळलं की पेटी भरली म्हणायची, पण ते भोक तर बंद. तेव्हा पुस्तकात लिहिलंय तेवढं मापून घाल. व्यवस्थापक बाई, आता सांगायला हरकत नाही, प्रयोगशाळेतलं दुधाचं माप त्या दिवशी नाहीसं झालं, ते मीच नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे नवं आलं, तेही मीच ठेवलं.

गाडी पाऊण तास उशिरा सुटली. दूध नासलं नाही. पण माझ्यामुळे मिस्त्रींचा अर्ज आता कायमचा बारगळला, काकूंना कुठल्या तोंडानं भेटू, या विचारानं घरी जाऊन मी रडले.

मिस्त्री परत आले. त्यांनी त्या खराब नटावर दुसरा नट वेल्ड केला, त्याला पाना लावून तो फिरवून काढला आणि माझ्या हातात दिला. आमच्याकडे चहाच्या टेबलामागे खिळ्यांची एक भिंत आहे. ज्याच्या हातून वस्तू बिघडली, त्यानं ती तिथे स्वतः टांगायची. नाव लिहायचं नाही आणि कुणी कुणाला बोलायचं नाही. मी नट तारेत बांधून टांगायला गेले, तर कोपऱ्यातल्या खिळ्यावर अगदी तसाच, कडा गेलेला, गंजलेला एक नट. विचारलं, हा कुणाचा?

"माझा," मिस्त्री म्हणाले. "मला फोन करायला कुणी नव्हतं. दूध ओतून द्यावं लागलं."

आणि त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला.

गेल्या महिन्यात तेल बदलायची पाळी पुन्हा आली. मिस्त्री खुर्ची घेऊन दाराबाहेर बसले, माझ्याकडे पाठ करून. मी तिन्ही पेट्यांचे वरचे नट आधी उघडले. मग खालून तेल सोडलं, नटाला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसला, नवं भरलं. डिफरन्शियलना घट्ट, ट्रान्स्फर केसला पातळ तांबडं. सगळं झाल्यावर हाक मारली, की तपासून घ्या. सदतीस वर्षांत यांनी कुणाचंही काम न तपासता गाडी बाहेर सोडलेली नाही, हे इथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे.

मिस्त्री उठले. नळावर हात धुतले. म्हणाले, "तेलाची धार पडायच्या आधी तीन वेळा वरचा नट वाजला. मी ऐकलं. पुरे झालं."

आणि खिशातून घडी पडलेला अर्ज काढून सरळ ऑफिसचा जिना चढले.

काकू, पडदे लावायला घ्या.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी मन लावून ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे. मिस्त्री, तुमचा तो नट मात्र मागू नका, तो भिंतीवरच राहील. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. तेवढंही जमलं नाही, तर हा भाषणाचा कागद मी उद्या सकाळी स्वतःच्या हातानं त्या भिंतीवर टांगते. माझ्या नटाशेजारचा खिळा अजून रिकामा आहे.